क्रीडानगरीतील लांबडे

गेल्या चैत्रात आम्ही उभयता अमेरिकेस चिरंजीवांकडे जाऊन आलो, ही वार्ता कर्णोपकर्णी पुष्कळांस कळली आहे, आणि तेव्हापासून भेटेल तो गृहस्थ "मास्तर, तिकडे काय काय पाहिलेत?" असा प्रश्न करीत असतो. ह्या प्रश्नास मी आजवर "पुष्कळ पाहिले" एवढेच मोघम उत्तर देत आलो. खरे उत्तर दिले तर समोरचा मनुष्य हसेल अशी धास्ती वाटते. नऊ तासांचा मोटारीचा प्रवास करून, माणशी दिवसाला शंभर डॉलरांहून अधिक प्रवेशमूल्य भरून, जगातील एका अतिप्रसिद्ध करमणुकीच्या नगरीत आम्ही चार दिवस काढले, आणि तेथून मनात काय घेऊन आलो म्हणाल, तर एक काळा साप. ह्या सदरात आजपर्यंत सुभाषिते, शब्दांच्या व्युत्पत्ती, मुलांचे पाठांतर, सासू-सुनांचे गाऱ्हाणे इत्यादी विषयांचा परामर्श मी घेतला आहे. सर्प हा विषय प्रथमच येत आहे. परंतु तो घरगुती नव्हे, असे निदान कोकणातला तरी वाचक म्हणणार नाही.

चिरंजीवांचे बिऱ्हाड नॉर्थ कॅरोलायना प्रांतात रॅले शहरानजीक आहे. तेथील शाळांस वसंतात आठवडाभर सुट्टी असते. तेवढ्या अवधीत मुलांस फ्लोरिडातील ऑरलँडोजवळचे 'वॉल्ट डिस्ने वर्ल्ड' दाखवावे, आणि आजी-आजोबांनाही सोबत न्यावे, असा बेत आम्ही विमानात बसण्यापूर्वीच ठरला होता. नातू नऊ वर्षांचा, नात चार वर्षांची. मी चार शब्द विरोधाचे बोलून पाहिले. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या, पाठशाळेत वाढलेल्या सदुसष्ट वर्षांच्या म्हाताऱ्याने उंदराचे कान डोक्यावर चढवून काय करावयाचे? परंतु आमच्या घरातून "मुलांबरोबर जायचे आहे, कानांबरोबर नव्हे" असे उत्तर आले, आणि विषय संपला.

त्या स्थळाची थोडी हकीकत सांगितली पाहिजे, कारण तीवाचून पुढील गोष्ट नीटशी कळणार नाही. ही नगरी म्हणजे एक बाग नव्हे. सुमारे २५,००० एकरांचा, जवळजवळ ४० चौरस मैलांचा तो मुलूख आहे, आणि त्यात चार निरनिराळी उद्याने आहेत. खुद्द डिस्नेसाहेब १९६६ च्या डिसेंबरात निवर्तले. त्यांचे वडील बंधू रॉय यांनी काम तडीस नेले, आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी 'मॅजिक किंगडम' हे पहिले उद्यान खुले झाले. मूळ जागा कशी होती, तर निव्वळ दलदल. सुरूच्या जातीची झाडे गुडघाभर पाण्यात उभी, मध्ये देवदारासारख्या झाडांचे उंचवटे, आणि जमीन थोडी खणली की खाली पाणी. म्हणून त्यांनी युक्ती अशी केली की, समोर एक विस्तीर्ण तळे खोदले आणि त्यातून निघालेली माती घालून उद्यानाची जागाच उंच केली. आपण ज्या रस्त्यावरून चालतो तो वस्तुतः दुसरा मजला असून, पहिल्या मजल्यावर नोकरचाकरांच्या येण्याजाण्याचे बोगदे आहेत. मला त्या साऱ्या नगरीत ही गोष्ट सर्वांत अद्भुत वाटली, परंतु ती पाहावयास मिळत नाही. एकंदर मुलखाचा सुमारे तिसरा हिस्सा रानासाठी राखून ठेवलेला आहे. राजवाडे, आगगाड्या, चक्रे ह्यांच्या भोवती दलदल जशीच्या तशी आहे, आणि दलदलीतील मूळच्या रहिवाशांस घर खाली करण्याची नोटीस कोणी बजावलेली नाही.

हे रहिवासी पहिल्याच दिवशी भेटीस आले. आमची धाकटी नात उंदीरमामांच्या भेटीसाठी पाऊण तास रांगेत उभी राहण्याऐवजी भिंतीवरच्या सरड्यांपाशीच रमली. तपकिरी रंगाचे, बोटाएवढे हे सरडे तेथे पावलापावलावर असतात, आणि गळ्याखालची नारिंगी पिशवी पंख्यासारखी उघडून एकमेकांस धाक घालतात. ते मूळचे क्यूबा बेटातले, बोटींतून आलेले पाहुणे; तिकडील मूळच्या हिरव्या सरड्यास त्यांनी झाडांच्या शेंड्यांकडे हाकलले आहे. फराळास बसावे तो आपल्याकडील कुदळ्या पक्ष्यासारखे वाकड्या लाल चोचीचे पांढरे पक्षी टेबलाशी येऊन बटाट्याच्या कापांची मागणी करतात. तळ्याकाठी एक काळा पक्षी पंख पसरून उन्हात वाळवीत बसला होता. आपल्याकडील तिरंदाजाचा हा सख्खा भाऊ. पोहताना तेवढी मान पाण्याबाहेर दिसते, ती हुबेहूब सापासारखी. आणि विश्रामगृहाच्या हिरवळीवर, मोटारींची यत्किंचितही भीड न बाळगता, राखी रंगाच्या, तांबड्या टोपीच्या क्रौंचांचे एक जोडपे आपले पिवळसर पोर मध्ये घेऊन चालले होते. आदिकवीच्या मुखातून पहिला श्लोक ज्या पक्ष्यामुळे निघाला तो क्रौंच म्हणजे आपला सारस, असे कित्येक पंडितांचे मत आहे. हा त्याच कुळातला. पन्नास वर्षांपूर्वी पाठ केलेला तो प्रसंग मला परदेशातील एका मोटारतळापाशी डोळ्यांपुढे दिसला, ह्याचे हसू येते आणि येतही नाही.

उलटपक्षी, पैसे घेऊन जी जनावरे दाखवितात त्यांची गोष्ट. एका नावेतून अरण्यविहार करविण्याची तेथे सोय आहे. तीरावर हत्ती सोंडेने पाणी उडवितात, पाणघोडे कान हलवितात, आणि हे सर्व यांत्रिक. दर नावेस हत्ती तितकेच पाणी उडवितो. दुसऱ्या उद्यानात, जेथे वाघ वगैरे खरे प्राणी आहेत, त्यांनी एक संबंध काल्पनिक आशियाई गाव वसविले असून त्याचे नाव 'आनंदपूर' असे ठेवले आहे; त्यातील कृत्रिम नदीस 'काली' म्हणतात. संस्कृत शिकविण्यात ज्याचा जन्म गेला त्यास बरे वाटावे, असे तेवढेच एक ठिकाण. तेथे मी भिजलोही.

आता तळ्यांकडे वळू. प्रत्येक तळ्याच्या काठी एक फलक असतो: ह्या भागात ॲलिगेटर व साप आहेत, पाण्यापासून दूर राहा, जनावरांस खाऊ घालू नका. हा ॲलिगेटर म्हणजे आपल्या मगरीचा चुलतभाऊ. त्याचे तोंड पुढे रुंद व गोलसर असते, आणि मिटले असता खालचे दात दिसत नाहीत. फ्लोरिडाच्या सदुसष्टही जिल्ह्यांत त्याचा वास आहे, व त्यांची एकूण संख्या सुमारे तेरा लक्ष समजतात. शिकारीमुळे नामशेष होत चालला म्हणून १९६७ मध्ये ह्यास संरक्षण द्यावे लागले होते. वीस वर्षांत तो पुरता सावरला. हे फलक मात्र फार जुने नाहीत. २०१६ च्या जूनमध्ये तेथील एका विश्रामगृहासमोर, त्याच खोदलेल्या तळ्याच्या वाळूवर, दोन वर्षांचे एक मूल संध्याकाळी पाण्याच्या काठाशी खेळत होते. ॲलिगेटरने ते आईबापांदेखत ओढून नेले. पोहू नये असा फलक तेथे होता. का पोहू नये हे त्यावर लिहिलेले नव्हते. त्यानंतर फलक आले, कुंपणे आली, काठास दगडांची रास आली. त्या मुलाच्या स्मरणार्थ एका दीपगृहाची लहानशी प्रतिकृती तेथे उभी आहे. सूनबाईंनी मला ही हकीकत हळू आवाजात सांगितली, आणि सांगताना धाकटीचा हात घट्ट धरून ठेवला होता.

आमच्या चिपळुणास वाशिष्ठीच्या मगरी पावसाळ्यात पूर आला की रस्त्यावर येतात, आणि कृष्णाकाठच्या सांगलीकडील मंडळींस मगरीचे भय काय ते सांगावयास नको. परंतु आमच्याकडील मनुष्य नदीवर जाताना ती कोणाची आहे हे जाणून असतो. तेथे सहलीस आलेल्या माणसास तळे हे तळे वाटतच नाही. तेही हत्तीप्रमाणे कोणी तरी कळ दाबून चालविले असेल असे वाटते. २०२३ च्या सप्टेंबरात तर अस्वलीण खुद्द 'मॅजिक किंगडम'मध्ये येऊन झाडावर चढून बसली. उद्यानाचा काही भाग बंद ठेवून वन्यजीव खात्याने तिला पकडले व ओकाला नावाच्या रानाकडे नेऊन सोडले. लोक आधी तोही एक खेळच समजले असते तर मला नवल वाटले नसते.

ॲलिगेटरास खाऊ घालणे हा त्या प्रांतात कायद्याने गुन्हा आहे. ह्याचे कारण असे की, भाकरी टाकणाऱ्या हाताची त्यास सवय झाली म्हणजे माणसाचे भय जाते, आणि मग हात व भाकरी ह्यांतील भेद तो करीत नाही. पुढे त्याच्याविषयी तक्रार होते, आणि चार फुटांहून मोठा असल्यास पकडणारा येऊन त्यास घेऊन जातो. बहुधा त्याचा अंतच होतो. तात्पर्य, खाऊ घालणाराने त्याला मारलेच म्हणावयाचे.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी आमच्या नातवाने आपल्या खाऊच्या पैशांतून रबराचा एक साप विकत घेतला. वास्तविक पाहता मी तेव्हाच हटकावयाचे. परंतु दिवसभर चालून पायांत गोळे आले होते, आणि मी बाकावर डोळे मिटून बसलो होतो. रात्री खोलीवर आल्यावर आजी पांघरूण झटकण्यास गेली, तो त्याखाली तो साप वेटोळे घालून ठेवलेला. नातू कपाटाआडून हसू दाबीत पाहत होता.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरे झाले असते. ती हळूच खाली जमिनीवर बसली, आणि तिचे दोन्ही हात बर्फासारखे गार झाले. चिरंजीवांनी पाणी दिले, ते घेतले नाही. पोराचे हसू जागच्या जागी विरले.

येथे मला थोडे मागे जावे लागेल. आमच्या कुटुंबाचे माहेर राजापुराकडचे. १९६८ सालच्या पावसाळ्यात त्यांच्या घरी रात्री मुले ओळीने जमिनीवर निजली होती. सात वर्षांची ही आणि पाच वर्षांचा धाकटा भाऊ एका पांघरुणात. मध्यरात्री भाऊ 'पोटात दुखते' म्हणून उठला. मण्याराचा दंश असा असतो की पुष्कळदा सूजही येत नाही आणि झोपेत कळतही नाही. वडीलधाऱ्यांनी अजीर्ण समजून ओवा दिला. पुढे पापण्या मिटू लागल्या तेव्हा मांत्रिकास बोलावणे गेले. मुंबईस हाफकिन संस्थेत सर्पविषावरील औषध त्या काळीही तयार होत असे, परंतु मुंबई कोठे आणि पावसाळ्यातले ते गाव कोठे! उजाडण्यापूर्वी मूल गेले. सकाळी पांघरूण झटकले तेव्हा त्यातून ते लांबडे निघाले. एवढे मला लग्नानंतर कित्येक वर्षांनी, तेही तिच्या आईकडून कळले. तिने स्वतः हा विषय कधी काढला नाही, आणि मीही विचारले नाही. आमच्या घरात रात्री 'साप' हा शब्द उच्चारत नाहीत, 'लांबडे' म्हणतात, एवढेच मुलांस ठाऊक. कोकणात सर्वच घरी तशी रीत असल्यामुळे चिरंजीवांस त्यात विशेष काही वाटले नसावे.

आजी निजल्यावर मी नातवास बाहेर ओसरीवर घेऊन बसलो. रागावण्याचा माझा विचार होता. परंतु पोर मुळीच बोलेना, तेव्हा मास्तरकीच्या सवयीने मी गोष्ट सांगू लागलो. महाभारताच्या आदिपर्वात रुरू नावाच्या ऋषिकुमाराची कथा आहे. त्याची वाग्दत्त वधू प्रमद्वरा सख्यांबरोबर खेळत असता नकळत सर्पावर पाय पडून दंश झाला व ती गतप्राण झाली. रुरूने आपले अर्धे आयुष्य देऊन तिला परत मिळविले खरे, परंतु त्याच्या मनातील क्रोध गेला नाही. दिसेल तो सर्प ठार मारावयाचा असा त्याने पण केला. एके दिवशी रानात एक म्हातारा डुंडुभ, म्हणजे विष नसलेला साप, पडलेला दिसला. रुरूने दंडा उगारला, तो साप बोलू लागला: मी तुझा काही अपराध केला नाही, चावणारे सर्प निराळे, आम्ही केवळ रूपाने सर्प. हा डुंडुभ पूर्वी सहस्रपात् नावाचा ऋषी होता. त्याने आपला मित्र खगम ह्यास, तो अग्निहोत्रात गुंतला असता, गवताचा खोटा साप करून भिवविले. खगम मूर्च्छित पडला, आणि शुद्धीवर येताच त्याने शाप दिला की, ज्या निर्वीर्य सापाने तू मला भिवविलेस तसाच तू होशील.

गवताच्या सापापाशी आलो तेव्हा नातवाने मान खाली घातली. त्यास बोध पोचला असे समजून मी मनातल्या मनात संतुष्ट झालो. सुमारे चाळीस वर्षांच्या अध्यापनात ही कथा मी कितीतरी वेळा सांगितली असेल. थोड्या वेळाने पोराने वर पाहून विचारले, "आजोबा, पण रुरूने त्याच्या आधी जे साप मारले, त्यांच्यातले किती बिनविषारी होते?"

मी म्हटले, "ते ग्रंथात दिलेले नाही."

"त्यांना बोलता येत नव्हतं, म्हणून ना?"

ह्या प्रश्नास मजजवळ उत्तर नव्हते. प्रश्न विचारणाऱ्यास ठाऊक नव्हते की तो माझ्या वर्मावर बोट ठेवीत आहे. १९८९ च्या श्रावणात, नागपंचमीस दोन दिवस लोटले होते, तेव्हा आमच्या शाळेच्या लाकडाच्या खोलीत एक भला सहा हात लांबीचा साप निघाला. मुले सैरावैरा पळाली. मी काठी घेऊन आत गेलो व त्याचा निकाल लावला. बाहेर आलो तो मुलांनी टाळ्या पिटल्या, मुख्याध्यापकांनी पाठ थोपटली, आणि त्या दिवसापासून संस्कृतचे मास्तर भित्रे नाहीत अशी माझी ख्याती झाली. विज्ञान शिकविणारे एक तरुण सहकारी होते. त्यांनी मला बाजूस घेऊन सांगितले की ती धामण होती, तिला विष नसते, आणि मुलांच्या खाऊच्या तांदळाची पोती उंदरांपासून तीच राखीत होती. मी त्यांना म्हणालो, "तुम्ही तेव्हा कोठे होतात?" ते गप्प बसले. त्यांचे बरोबर होते हे मला त्याच क्षणी कळले होते, आणि दुसऱ्याच आठवड्यात मी वर्गात रुरूची कथा पूर्ववत् सांगितली. ही गोष्ट मी आजवर कोणाजवळ बोललो नव्हतो. त्या रात्री परमुलखातील ओसरीवर नातवाजवळ बोललो. त्याने ऐकून घेतले, आणि "ओके" एवढेच म्हणाला. त्या पिढीच्या ह्या शब्दाचा अर्थ मला अद्याप लागत नाही. कधी तो क्षमा असतो, कधी कंटाळा.

तिसऱ्या दिवशी सकाळी न्याहरीस जात होतो. वाटेच्या दोन्ही बाजूंस बुटक्या ताडाच्या जातीची झुडुपे, खाली ओकच्या पानांचा पाचोळा. धाकटी एका सरड्याच्या मागे धावत पुढे गेली. एकाएकी पाचोळ्यात कर्र असा सूक्ष्म, सलग आवाज झाला, आणि तिच्यापासून दीड-दोन हातांवर एक काळाकुळकुळीत, चकचकीत साप डोके वर उचललेला दिसला. मागून येणाऱ्या एका बाई किंचाळल्या, "रॅटलस्नेक!" शेपटीच्या टोकास खुळखुळा असलेला हा विषारी साप त्या प्रांतात आहे, हे मी फलकावर वाचले होते. माझ्या हातात छत्री होती. ती केव्हा उचलली गेली ते मला कळले नाही.

"आजोबा, थांबा! तो रेसर आहे!" नातू ओरडला. "खुळखुळा नाहीये, शेपूट नुसती पानांवर आपटतोय. हनुवटी पांढरी आहे बघा!"

नऊ वर्षांच्या मुलाचे शब्द एका बाजूस, आणि चार वर्षांचे मूल दुसऱ्या बाजूस. खरे सांगतो, त्या क्षणी माझा त्याच्यावर विश्वास नव्हता. छत्री खाली येणारच होती. तेवढ्यात आमचे कुटुंब पुढे झाले. तिने एका हाताने नातीस कमरेवर उचलले, आणि पाठ न फिरविता एकेक पाऊल मागे आली. ओठ हलत होते. लहानपणी शिकविल्याप्रमाणे ती 'आस्तिक, आस्तिक' म्हणत होती. चार पावले मागे आल्यावर ती मला म्हणाली, "अहो, छत्री खाली घ्या. तो काही तुम्हांला बोलून सांगायचा नाही."

म्हणजे रात्री ती निजलेली नव्हती. ओसरीवरचे सारे तिने ऐकले होते.

मी छत्री खाली घेतली. आम्ही सर्वजण मागे सरताच तो साप वळला, आणि असा वेगाने झुडुपांत गेला की काळी रेघ तेवढी डोळ्यांपुढे राहिली. बागेत काम करणारा एक मनुष्य आला. वर्णन ऐकून तो हसला व म्हणाला, हे नित्याचेच. तो सरडे खावयास येतो. म्हणजे आमची नात आणि तो, दोघेही एकाच सरड्याच्या मागे होते.

मागाहून चिरंजीवांनी भ्रमणध्वनीवर शोधून बरीच माहिती सांगितली. फ्लोरिडात सापांच्या सुमारे पन्नास जाती आहेत. त्यांत विषारी सहाच. त्यांपैकी दोन केवळ उत्तरेच्या भागात सापडतात. ऑरलँडोच्या बाजूस खुळखुळ्याचे लहान व मोठे असे दोन, पाण्याकाठचा 'कॉटनमाउथ' नावाचा जाड साप, आणि लाल, पिवळ्या व काळ्या पट्ट्यांचा पोवळी साप, हे लक्षात ठेवावयाचे. पाण्यातला निरुपद्रवी पट्टेरी साप ह्या कॉटनमाउथसारखा दिसतो, म्हणून बिचारा पुष्कळदा मारला जातो. तिकडचा डुंडुभच म्हणावयाचा. आणि आमचा रेसर भिवविला म्हणजे शेपटी पाचोळ्यावर थरथरवून खुळखुळ्याची नक्कल करतो. त्या नकलेने पक्षी, कोल्हे वगैरे त्यास सोडून देत असतील. मनुष्य मात्र तीमुळेच छत्री उगारतो. मी नातवास म्हटले, "तू ओळखलेस हे खरे, पण तुझी ओळख चुकली असती तर?" तो म्हणाला, "ओळखायची गरजच नाही आजोबा. मागे सरायचं. शाळेत तसंच शिकवलंय." ह्यावर माझ्याने काही बोलवेना. सापाची जात ठरविल्यावाचून काय करावे हे ठरत नाही, अशी माझी आजन्म समजूत होती. मागे सरण्यास जात पाहावी लागत नाही, हे धामणीच्या वेळीही खरेच होते. त्या खोलीस बाहेरून कडी होती.

दंश झालाच तर काय करावे, तेही येथे लिहून ठेवतो, कारण आपल्या घरांतून अजून भलत्या समजुती आहेत. कापू नये, चोखू नये, दोरीने आवळून बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. दंश झालेला भाग फार न हलविता तडक दवाखान्यात न्यावे. आपल्याकडे १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका येते. अमेरिकेत वर्षास सात-आठ हजार माणसांस विषारी साप चावतात, आणि मरतात सुमारे पाच. आपल्या देशात मरणारांची संख्या वर्षास सुमारे अठ्ठावन्न हजार आहे. आपले मण्यार, घोणस, फुरसे जहाल आहेत हे खरे. परंतु ह्या अंतराचे कारण विषात जितके आहे तितकेच अनवाणी पायांत, जमिनीवरच्या अंथरुणात आणि दवाखान्याच्या वाटेत आहे. हा आकडा चिरंजीवांनी वाचून दाखविला तेव्हा आमचे कुटुंब म्हणाले, "त्यांतला एक मी पाहिला आहे." आणि मग मोटार जॉर्जिया प्रांतातून धावत असता, दोन्ही मुले मागे बसलेली, तिने भावाची सारी हकीकत आरंभापासून सांगितली. पन्नासांहून अधिक वर्षे जे बोलली नव्हती ते. भावास ती काय म्हणून हाक मारीत असे, हेही मला तेव्हाच प्रथम कळले. नातू मुकाट्याने रडत होता. त्यास कोणी गप्प केले नाही.

एक गोष्ट राहिली. त्याच प्रांताच्या दक्षिण टोकास एव्हरग्लेड्सच्या दलदलीत हौशी लोकांनी पाळलेले आशियातील अजगर सुटून इतके माजले आहेत की ससे, रॅकून वगैरेंचा निकाल लागत चालला आहे. त्यांचा माग काढण्यासाठी २०१७ च्या आरंभी तेथील सरकारने व विद्यापीठाने कोणास बोलावले असेल? तमिळनाडूतील इरुळा जमातीच्या मासी सदैयन व वडिवेल गोपाल ह्या दोघा सर्पमित्रांस. शाळेचे शिक्षण नसलेल्या ह्या दोघांनी पहिल्या दोन आठवड्यांतच तेरा अजगर धरून दिले. २०२३ मध्ये आपल्या सरकारने दोघांसही पद्मश्री दिली. मी शाळेत चाळीस वर्षे 'विद्या विनयेन' शिकविले, परंतु सापाच्या बाबतीत माझ्याहून ते दोघे आणि माझा नातू अधिक शिकलेले, हे कबूल केले पाहिजे.

निघण्याच्या दिवशी विमानतळावर नातवाने तो रबराचा साप खिशातून काढून आजीच्या हाती दिला. त्यास तो टाकून द्यावयाचा होता. आजीने तो उलटसुलट करून पाहिला, शेपटी ओढून पाहिली, आणि पिशवीत ठेवला. घरी आल्यावर तिने तो परसातील पेरूच्या झाडास बांधला, कारण वानरे एक पेरू ठेवीत नाहीत. चार दिवस वानरे झाडाकडे फिरकली नाहीत. पाचव्या दिवशी सकाळी पाहतो तो एक लहानगे वानर कौलांवर बसून त्या सापाचे शेपूट चघळीत होते, आणि खाली आमचे कुटुंब हातात केरसुणी घेऊन त्याच्याशी भांडत होते. आता रविवारी फोन आला म्हणजे नातू प्रथम सापाचे वर्तमान विचारतो, आणि मग आमचे.